काळ्या पाण्याचं आडनाव

आमच्या गावात डफस हे आडनाव चुकून कुणाच्या तोंडून निघालं, तर ऐकणारा हाताशी असेल ते लोखंड धरायचा. दाराची कडी, बुटाचा खिळा, खिशातला चाकू, काहीही. चूल जवळ असली तर चिमटा. मग पुटपुटायचा, "थंड लोखंड!" एवढं केलं की नावाचा दोष उतरतो, असं मानायचे. लहानपणी मी हे इतक्या वेळा पाहिलं की मला ते शिंक आल्यावर देवाचं नाव घेण्यासारखंच वाटायचं. त्या आडनावाचा माणूस आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो, तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा आहे, आणि हे सगळं त्याच्या कानांवर जातं, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला.

पोर्टलॉगीत अर्धी घरं स्लेटरांची. एकेका नावाचे चार-चार स्लेटर, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव. आम्ही घारे, कारण पणजोबांचे डोळे घारे होते. पलीकडचे लांबटांगे, वरच्या अंगाचे खोकले. हाक मारायची ती या नावानं, थडग्यावर तेवढं स्लेटर लागायचं. गेव्हिनकाकांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, मात्र सगळे पिंपवाला म्हणत. ते हेरिंग मासे खारवायच्या वखारीत पिंपं बनवायचे म्हणून, आणि त्यांचं खरं नाव घ्यायचं नव्हतं म्हणूनही.

डफस नावानं समुद्रावर अपशकुन का होतो, याचं प्रत्येक घराचं उत्तर निराळं. लांबटांग्यांची म्हातारी सांगायची, राजाच्या आरमारासाठी तरण्या पोरांना धरून न्यायचे तेव्हा कोणत्या घरात कोण झोपलंय हे दाखवणारा एक डफस होता. खोकल्यांकडे म्हणत, डफसांच्या एका बाईनं कड्यावर उभं राहून निघालेल्या बोटी मोजल्या, आणि संध्याकाळी एक कमी आली. माझ्या आजोबांना विचारलं तर ते चिडायचे. "कारण कशाला हवं? वारा फिरतो त्याचं कारण मला कुठं ठाऊक आहे? म्हणून मी शीड उतरवत नाही का?"

गेव्हिनकाकांचा जन्म इथलाच. त्यांचे वडील वखार उघडली तेव्हा पश्चिमेकडून कामाला आले आणि इथेच वारले. त्यांनी मुलाला पिंपाच्या फळ्या वाकवायला शिकवलं आणि आणखी एक गोष्ट शिकवली. बोटी निघायच्या वेळी घराबाहेर पडायचं नाही. वाटेत गाठलंच कुणी कोळ्यानं, तर तोंड भिंतीकडे करून उभं राहायचं. दुसरे बाप पोरांना दोराच्या गाठी शिकवतात तसं त्यांनी हे शिकवलं, आणि काकांनी ते जन्मभर पाळलं. मी स्वतः त्यांना पाहिलंय, भला थोरला माणूस, लाल हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे बघत उभा. बुटांचे आवाज लांब गेले की वळायचे आणि शीळ घालत वखारीकडे जायचे.

अशा माणसाशी एल्सपेटआत्यानं लग्न ठरवलं तेव्हा आमच्या घरात महिनाभर कुणी धड जेवलं नाही. आत्या दिसायला साधी होती, पण तिची जीभ अख्ख्या किनाऱ्यावर प्रसिद्ध. आजोबा म्हणाले, "घाऱ्यांची पोर तू. तुझ्या बापाच्या बोटीवर तुझ्या नवऱ्याचं नाव घेता येणार नाही, कळतंय का?"

"नको घेऊस. बोटीवर तू माझं तरी नाव कधी घेतोस? हेरिंगचंच घेतोस."

"आणि नाव काय लावशील?"

"माझंच लावीन. तुझ्या आईनं तिचं लावलं, माझ्या आईनं तिचं लावलं. मी स्लेटर आहे, स्लेटर म्हणूनच पुरतील मला. लग्न माणसाशी करतेय, पाटीशी नाही."

त्या काळी आमच्याकडे बायका नवऱ्याला पाठीवर घेऊन पाण्यातून बोटीपर्यंत पोचवायच्या, त्याचे बूट दिवसभर कोरडे राहावेत म्हणून. विहिरीवर लांबटांग्यांची सून आत्याला म्हणाली, "एल्सपेट, तुझी पाठ बाई कोरडीच राहणार जन्मभर!"

"तुझ्या नवऱ्याचं वजन बघता," आत्या म्हणाली, "मला त्याचं दुःख नाही गं."

विहीर हसली. पण लग्नाला कोळ्यांच्या घरातलं कुणी आलं नाही. माझे बाबा, म्हणजे आत्याचा भाऊ पीटर, तेवढे आले, आणि त्यांनीही चर्चच्या दाराची कडी धरूनच आत पाऊल टाकलं. ते आत्यानं पाहिलं होतं. पुढे कित्येकदा ती त्यावरून त्यांना छळायची.

लग्नानंतर एक गोष्ट घडली ती काकांनीच मला सांगितली, कामाच्या ओघात, पिंपाला कडी ठोकता ठोकता. शाळेच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं की डफस हे मुळात माणसाचं नावच नव्हे, गावाचं. पश्चिमेला, शहराच्या पलीकडे त्या नावाचं गाव आहे, तिथून निघालेल्या लोकांना इतरांनी ते नाव चिकटवलं. जुन्या भाषेत त्याचा अर्थ बहुधा काळं पाणी असा असावा, म्हणाले, पण खात्री नाही. काकांना वाटलं, मिळालं कारण. समुद्रावर जाणारा माणूस काळ्या पाण्याचं नाव कशाला घेईल? भाषा विसरली, भीती तेवढी राहिली. ते काळं पाणी एकदा बघून यावं म्हणून हंगाम संपल्यावर ते चालत निघाले.

पोचले तेव्हा एक बाई कुंपणावर धुणं वाळत घालत होती. काकांनी विचारलं, "बाई, इथलं काळं पाणी कुठं आहे?"

"पाणी?" ती हसली. "दलदल होती म्हणतात तळ्याकाठी. ती आमच्या आजोबांच्या वेळी चर खणून समुद्रात सोडून दिली. आता जव पिकतं तिथं. तुम्ही कोण?"

सवयीनं काका म्हणाले, "पिंपवाला."

"ते हातांवरून दिसतंय. आडनाव काय?"

काका म्हणाले, "मी तिच्या हातांकडे बघत होतो इसोबेल. कुंपणाला लोखंडी तार होती, तिच्या अगदी बोटांजवळ. मी म्हणालो, डफस. तर तिनं चादर झटकली आणि म्हणाली, कुठले? गिरणीकडचे का टेकडीवरचे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. मी तिथं भिंतीला टेकून खाली बसलो. तिला वाटलं मला भोवळ आली. ताक आणून दिलं बिचारीनं."

त्या गावात दुकानाच्या पाटीवर डफस होतं, चर्चमध्ये पहिल्या बाकावर डफस बसत होते, आणि एका डफसच्या खोडकर बैलाला अख्खं गाव त्याच्या आडनावानं शिव्या घालत होतं. काकांना ते सगळ्यांत आवडलं होतं. घरी येऊन ते आत्याला म्हणाले, "चल, तिकडे जाऊ." आणि गेलेही. एका शेतावर काम मिळालं, खोली मिळाली. पण आत्या तिथं एकच हिवाळा राहिली. खिडकीतून जमीन दिसायची आणि जमीन हलत नाही, म्हणायची, डोकं फिरतं माझं. जेवण जाईना, पोटात मूल. वसंतात काकांनी मुकाट्यानं गाडीत सामान भरलं आणि तिला पोर्टलॉगीला परत आणलं. एडम इथं जन्मला.

एडमला मी भाऊच मानत होते, मला सख्खा भाऊ नव्हता. मोठा झाल्यावर तो काकांबरोबर वखारीत जाऊ लागला. हात चांगला होता त्याचा, पण लक्ष नसायचं. भरती-ओहोटीच्या वेळा त्याला पाठ होत्या, प्रत्येक बोट शिडाच्या ठिगळावरून ओळखायचा. बंदरावर जाऊन उभा राहायचा, तर माणसं काही बोलायची नाहीत, नुसती बाजूला सरकायची. एकोणीस वर्षांचा झाल्यावर त्यानं एकेका बोटीच्या मालकाला विचारायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, माणसं पुरेशी आहेत. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. खोकल्यांचा म्हातारा तेवढा खरं बोलला, "पोरा, तू चांगला आहेस. पण माझ्या बोटीवर तीन माझी मुलं आहेत."

शेवटी तो बाबांकडे आला. बाबांची बोट नवी होती, तिचं नाव त्यांनी माझ्यावरून इसोबेल ठेवलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात सगळे बसले, आई, बाबा, आत्या, गेव्हिनकाका आणि एडम. आईचा चेहरा पहिल्यापासून बंद होता.

बाबा म्हणाले, "हे बघ गेव्हिन, आडवळणानं बोलायला मला येत नाही. तो माझ्या बहिणीच्या पोटचा आहे. बहीण स्लेटर आहे. आईचं नाव लावायला कुणाची बंदी नाही. एडम स्लेटर म्हणून आला तर मी त्याला उद्या नेतो."

"पीटर," आई म्हणाली, "चौघंजण आहेत तुझ्याबरोबर. त्यांनाही घरं आहेत."

"त्यांना विचारलंय. लांबटांग्या काय म्हणाला माहितीये? म्हणाला, समुद्र काय शाळामास्तर आहे हजेरी घ्यायला?"

बाबा हसले. एडम हसला. आत्या काकांकडे बघत होती. एडम खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार."

काका त्याच्याकडे वळले. म्हणाले, "नाव म्हणजे काय रे, कोट. समुद्रावर भिजतो, जड होतो. घरी खुंटीला लावून जा. आलास की घाल."

एडमनं उठून त्यांना मिठी मारली. काकांचे हात तसेच मांडीवर राहिले, त्यांना बहुधा सुचलंच नाही काय करावं ते.

तीन हंगाम तो बाबांबरोबर होता. बाबा म्हणायचे, असा सुकाणूवरचा हात मी पाहिला नाही. गावही बदललं. पोरं त्याला हाक मारायची, मुली त्याच्यासाठी मोजे विणायच्या, कुणीतरी त्याला घाऱ्यांचा एडम म्हणायला लागलं आणि तेच रूढ झालं. खरं तर त्याचे डोळे काळे होते, बापासारखे. काकांना आनंद झाला होता, हे मी पाहिलंय. पण एकदा मी वखारीत हेरिंग साफ करत होते तेव्हा परगावचा एक व्यापारी आला. एडम काकांशेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता. व्यापारी म्हणाला, "हा तगडा गडी कोण?"

"एडम स्लेटर," एडम म्हणाला. चटकन म्हणाला, काही मनात न आणता, जसं आपण आपलं नाव सांगतो.

"तुमचा कोण?" व्यापाऱ्यानं काकांना विचारलं.

काका पिंपाला कडं बसवत होते. "बोटीवरचा आहे," ते म्हणाले, आणि ठोकत राहिले. एडमचा चेहरा उतरला, पण बोलून गेलेलं परत कसं घेणार? संध्याकाळी तो घरी लवकर गेला आणि बापासाठी सरपण फोडून ठेवलं, असं आत्यानं सांगितलं.

ऑक्टोबरात इसोबेल गेली. आमच्या डोळ्यांसमोर गेली. वारा सकाळी फिरला होता, बाकीच्या बोटी वेळेत आत आल्या. इसोबेल शेवटची होती. बंदराच्या तोंडाशी दोन खडक आहेत, लाट ओसरते तेव्हा त्यांच्यामध्ये तळ दिसतो. बाबा थांबले होते, बरोबर लाट यायची वाट बघत होते, बंदराच्या भिंतीवरची माणसं ओरडून सांगत होती, आता, आता. ते आले, आणि मागून दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी. बोट आडवी झाली. मग शीड पाण्यावर पसरलेलं दिसलं, आणि मग ते शीडही दिसेना. आम्ही सगळ्या बायका भिंतीवर होतो. कुणी रडलं नाही. आत्या पुढं जात होती, लोकांनी तिला कमरेला धरून ठेवलं होतं. गेव्हिनकाका कुठं आहेत ते बघायला मी मागं वळले. ते भिंतीच्या खाली, वखारीच्या कोपऱ्याशी उभे होते. बोटी परत येतानाही पुढं यायची त्यांना सवय नव्हती.

सहापैकी चार जणांचे देह मिळाले. बाबा मिळाले. एडम मिळाला नाही.

पहिला आठवडा रडण्यात गेला. नंतर बोलणं सुरू झालं. आधी विहिरीवर, मग दुकानात, मग चर्चच्या पायऱ्यांवर. लांबटांग्याची बायको, जिच्या नवऱ्यानं हजेरीचा विनोद केला होता, ती म्हणायची, "समुद्राला नाव सांगावं लागत नाही. त्याला ठाऊक होतं कोण आहे ते." बोट माझ्या नावाची होती, पण माझ्या नावाला कुणी दोष दिला नाही. लाट मोठी होती, वारा फिरला होता, बाबांनी अंमळ घाई केली असेल किंवा उशीर, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी महिन्याभरात ते कुणाला आठवेना. आठवायचं ते एवढंच की बोटीवर एक डफस होता, नाव लपवून.

आत्या आमच्या घरी यायची. एके दिवशी आली तेव्हा आई बाबांच्या बुटांना तेल लावत होती. ते बूट दर शनिवारी तेल लावून कोपऱ्यात ठेवायची, अजूनही. आत्यानं हात पुढं केला, "दे, एक मी लावते."

आईनं बूट मांडीत ओढून घेतले. "हात नको लावूस."

"वहिनी?"

"मी नको म्हणत होते. याच खोलीत बसून म्हणत होते. तुझ्या पोराला समुद्र हवा होता. मिळाला. माझं काय?"

आत्या उभीच राहिली. "पीटर माझा भाऊ होता," ती म्हणाली. "एडम कोण आहे हे जाणून त्यानं त्याला नेलं. लपवून कुणी चढलं नाही त्या बोटीवर. तुला हे ठाऊक आहे."

"मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या घरात दोन पोरी आहेत आणि बूट आहेत."

आत्या गेली. पुढं दोन वर्षं ती आमच्या दारात आली नाही.

वसंतात बंदरावर दगड उभारायचं ठरलं, सहा नावांचा. पाद्री घरोघरी फिरून नावं विचारत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ज्या नावानं मी मुलाचा बाप्तिस्मा केला तेच नाव मी कोरायला सांगणार. एडम डफस. आई त्यांना म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याचं नाव काढा. त्या नावाशेजारी तो राहणार नाही." लांबटांग्याची बायकोही तसंच म्हणाली. दुसऱ्या बाजूनं आत्या पाद्र्यांना जाऊन सांगून आली की माझ्या पोराचं खरं नाव दगडावर आलं नाही, तर मी हातोडा घेऊन येईन. ती तसं करणारी होती. दगड तसाच पालथा पडून राहिला, पोरं त्यावर बसून शिंपल्या फोडू लागली.

मग एके दुपारी आमच्या दारावर थाप पडली. गेव्हिनकाका होते. ते आमच्या घरी त्या बैठकीनंतर आले नव्हते. उंबऱ्याबाहेरच टोपी काढून उभे राहिले. आई 'ये' म्हणाली नाही आणि 'जा'ही म्हणाली नाही.

"बार्बरा," ते म्हणाले, "स्लेटर लिहा. मी पाद्र्यांना सांगून आलोय."

आईनं मान वर केली. "एल्सपेटला विचारलंस?"

"नाही."

"ती तुला घरात घेणार नाही."

"बघू." टोपी त्यांच्या हातात फिरत होती. "तिला वाटतं, खरं नाव लागलं की पोरगं परत माझं होईल. मी वेगळं बघतोय. दगड शंभर वर्षं राहील. ज्यांनी ती लाट पाहिली ते सगळे मरतील. मग उद्याची पोरं वाचतील, पाच स्लेटर आणि एक डफस." त्यांनी ते नाव घेतलं तसा आईचा हात चिमट्याकडे गेला. ते त्यांनी पाहिलं. "हे असंच करतील. म्हणतील, याच्यामुळं बुडाले. पाच माणसांचा जीव माझ्या एडमच्या डोक्यावर दगडात कोरून ठेवू का मी? त्यानं कुणाला बुडवलं नाही बार्बरा. तो फक्त बुडाला."

मी पाणी प्यायला दिलं ते त्यांनी बाहेर उभं राहूनच प्यायलं. भांडं माझ्या हातात देताना म्हणाले, "तुझ्या बाबांची चूक नव्हती हं. लाट फसवी होती." आणि गेले.

दगड उभा राहिला. सहा स्लेटर. सगळं गाव जमलं, टोप्या काढल्या, गाणं झालं. काका आले नाहीत, आत्या आली. तिनं हातोडा आणला नव्हता. पुढं होऊन तिनं एडमच्या नावावर बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, आणि कुणाकडे न बघता घरी गेली. तिथं ती काकांना एकच वाक्य बोलली, ते शेजाऱ्यांनी भिंतीतून ऐकलं. "समुद्रानं एकदा बुडवला, तू दुसऱ्यांदा."

काकांनी उत्तर दिलं का ते कुणाला ऐकू आलं नाही. त्यांना म्हणता आलं असतं, मी तुला जवाच्या मुलखात घेऊन गेलो होतो, परत तू आणलंस. पण मला वाटतं ते त्यांनी कधीच म्हटलं नाही. ते तसले नव्हते. आणि आत्याला ते कुणी म्हणायची गरज नव्हती. तिच्या जिभेची धार गेली ती तेव्हापासून. विहिरीवर कुणी काही बोललं तर ती घडा उचलून चालायला लागायची.

नंतर ते दोघं एका छपराखाली राहिले, एवढंच म्हणता येईल. ती त्यांना पेज करून द्यायची, तेही सरपण आणून टाकायचे. बोलणं कामापुरतं. पुढं युद्ध आलं, हेरिंगचा धंदा बसला, परदेशची गिऱ्हाइकं तुटली, वखारीला कुलूप लागलं. काका घरामागं बसून धुण्याची लाकडी घंगाळं आणि बादल्या बनवू लागले. कोळ्यांच्या बायका त्या विकत घ्यायच्या, बादली चांगली असायची. घरी नेल्यावर मात्र आधी मीठ टाकून धुवायच्या. काकांना ते माहीत होतं. बादलीबरोबर ते स्वतःच मूठभर मीठ द्यायचे.

दगडाला दोन वर्षं होत आली त्या मार्चमध्ये छातीत कफ भरून ते गेले. पुरायचं ठरलं त्या दिवशी सगळ्या बोटी समुद्रावर होत्या. हवा चांगली होती, कोळ्यांना दोष देता येत नाही. शेजारच्या शहरातून सहा पिंपवाले आले, त्यांच्या बरोबरीनं कधीकाळी काम केलेले. त्यांनी खांदा दिला. पाद्री पुढं, मागून दुकानदार, शाळामास्तर आणि एक-दोन म्हातारे.

आमच्याकडे बायका कबरीपर्यंत जात नाहीत. शवपेटी गल्लीतून वळली तशी आईनं शाल घेतली आणि मला म्हणाली, "चल." कुठं ते सांगितलं नाही. आत्याच्या घराचं दार उघडंच होतं. आत्या रिकाम्या पलंगाकडे बघत स्टुलावर बसली होती. आई आत गेली, कोपऱ्यातली पेटी ओढून मधे आणली आणि तिच्यात आत्याचे कपडे भरायला लागली.

"काय करतेस?" आत्या म्हणाली.

"दिसत नाही का? दोन झगे आणि एक घोंगडी. एवढं जड नाही, इसोबेल नेईल."

"मी कुठं येणार नाही."

"थोरलीचं लग्न झालं, खोली पडून आहे. छप्पर गळतंय तुझं. आणि माझे डोळे गेलेत, मला सुईत दोरा ओवता येत नाही. ऊठ."

आत्या बराच वेळ उठली नाही. मग उठली. निघताना तिनं चूल विझवली, खिडकी लावली, आणि काकांचा कामाचा चामडी एप्रन खुंटीवरून काढून पेटीत वर ठेवली. आईनं तो दोन बोटांनी नीट घडी घालून आत दाबला.

दोघी आमच्या घरात अकरा वर्षं एकत्र राहिल्या. भांडायच्या, मिठावरून, सरपणावरून, कोण आधी खोकलं आणि कुणाला झोप लागली नाही यावरून. पण एडमचं नाव त्या घरात कधी निघालं नाही, ना बाबांचं, ना काकांचं. एकदाच, एका रविवारी, पाऊस पडत होता आणि दोघी चुलीपाशी लोकर पिंजत होत्या. आईनं हातातलं काम थांबवलं. म्हणाली, "एल्सपेट, तो गेव्हिन दारात आला होता ना, त्या वेळी मी त्याला आत ये म्हणायला—"

"वहिनी," आत्या म्हणाली, "बटाटे लागतायत खाली. बघ जरा."

आई उठली आणि तिनं भांडं उतरवलं. बटाटे खाली लागले नव्हते. तिनं ते वाढले, तिघींना, आणि आम्ही जेवलो.